प्रति: खळगा वाढत नाही म्हणजे पत्रा टिकला?

ॲल्युमिनियम आणि काचतंतूचे थर चिकटवून केलेल्या पत्र्यावर एकाच जागी वारंवार धक्के दिले, तर ‘दुसऱ्या-तिसऱ्या धक्क्यानंतर खळगा फारसा वाढत नाही, म्हणजे नुकसान थांबलं’ हा वरचा निष्कर्ष अर्धाच खरा. खळगा मंदावतो कारण ॲल्युमिनियम दबून कडक झालेलं असतं. धक्क्याच्या वेळी मोजलेलं कमाल बलही सुरुवातीला थोडं वाढलेलं दिसतं. पण त्याच वेळी धातू आणि काचतंतूच्या थरांमधली पकड सुटत जाते, आणि मागच्या (धक्क्याच्या विरुद्ध बाजूच्या) ॲल्युमिनियम थराला तडा जातो, बहुधा लगतच्या तंतूंच्या दिशेनेच. तो तडा गेला की बल घसरतं.

म्हणून नुसती खळग्याची खोली मोजू नका. प्रत्येक धक्क्यानंतर मागची बाजू बघा, अल्ट्रासोनिक सी-स्कॅन (ध्वनिलहरींनी आतले सुटलेले थर दाखवणारा नकाशा) घ्या. उरलेली ताकदही दाबाखाली तपासा: सुटलेले थर दाबात सुटेसुटे वाकतात, ताणात मात्र शाबूत तंतू भार पेलत राहतात आणि आकडा उगाच दिलासा देतो.