उभ्या हायब्रिडमध्ये आधी छोटी बॅटरी सांभाळा
गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर ‘आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा’ असं सांगतात; पण हा सल्ला साध्या पेट्रोल गाडीचा झाला. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत मोठी बॅटरी आणि मोटर असलेल्या, काही वेळ नुसत्या विजेवरही चालणाऱ्या गाडीत, इंजिनाच्या आवाजावर जाऊ नका. तिथं १२ व्होल्टची छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीच्या विजेवर चार्ज होते, आणि तेही डॅशबोर्डवर ‘रेडी’ (गाडी निघायला तयार) दिसत असेल तेव्हाच. नुसती अ‍ॅक्सेसरी चालू करून रेडिओ ऐकत बसलात तर ती उलट उतरते. आणि गिअर ‘पी’मध्येच (पार्क) असू द्या; ‘एन’मध्ये (न्यूट्रल) इंजिन चालू असलं तरी मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

आमची गाडी पावसाळ्यात सांगलीच्या विश्रामबागेत महिनाभर उभी होती. परत आलो तर रिमोटनं दारच उघडेना! मोठी बॅटरी ठणठणीत, बसली होती ती छोटी. तेव्हापासून दर रविवारी मिरजेपर्यंत जाऊन-येऊन फेरी ठरलेली.