मदत हवी आहे: पी९१ आणि गरम कार्बन डायऑक्साइड, वजनवाढीचा आलेख बिघडलाय

नमस्कार मंडळी,

सुपरक्रिटिकल (म्हणजे द्रव-वायूचा भेद उरत नाही इतक्या दाब-तापमानाच्या) कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या टर्बाइनच्या हीट एक्स्चेंजरसाठी मिश्रधातू ठरवतोय. ५५० अंश सेल्सियस, २०० बार, शुद्ध वायू. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भांड्यात, पी९१ या ९ टक्के क्रोमियमच्या पोलादाचे कूपन (चाचणीचे छोटे तुकडे) टांगलेत. आधी वजनवाढ हळूहळू मंदावत होती, ऑक्साइडचा थर जाड होत गेला की व्हायला हवी तशीच. आता मात्र आलेख सरळ वर निघालाय. थर दुपदरी आहे, वर मॅग्नेटाइट (लोहाचा ऑक्साइड) आणि खाली स्पिनेल (लोह-क्रोमियमचा मिश्र ऑक्साइड). इथवर ठीक. पण काप घेऊन मायक्रोहार्डनेस (बारीक जागेतला कडकपणा) मोजली, तर थराच्या लगेच खालचा धातू गाभ्यापेक्षा बराच कडक निघाला.

कार्बन आत गेलाय हे उघड आहे. पण शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनची ॲक्टिव्हिटी, म्हणजे धातूत शिरण्याची त्याची ओढ, काढली तर ती नगण्य येते. मग हा शिरला कुठून? आणि आता ३१६ स्टेनलेसकडे वळू की थेट निकेल मिश्रधातूकडे? बजेटवाले आत्ताच डोळे वटारतायत.

प्रतिसाद: गंजलेला बोल्ट

गणित बरोबर आहे, जागा चुकली. तुम्ही वायूतली ॲक्टिव्हिटी काढलीत. धातू भेटतो तो थराच्या तळाशी. तिथे ऑक्सिजनचा दाब वायू ठरवत नाही, धातू आणि ऑक्साइडचा समतोल ठरवतो, आणि तो अतिशय कमी असतो. थरातल्या फटींतून आणि कणसीमांवरून रेणू तिथवर पोचले की धातू ऑक्सिजन काढून घेतो, कार्बन मोनॉक्साइड उरतो, आणि त्यापासून कार्बन सुटतो. तो धातूत क्रोमियमची कार्बाइडं बनवतो. आधीच ९ टक्के क्रोमियम, त्यातलं असं अडकलं की सलग क्रोमिया, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर, कुठून बनणार?

धातू कार्बनने भरला की पुढचा कार्बन ऑक्साइडमध्येच साचतो, थर सच्छिद्र होतो आणि वाढ सरळ रेषेत धावते, अशी सर्वसाधारण मांडणी आहे. याला ब्रेकअवे म्हणतात. ब्रिटनच्या, कार्बन डायऑक्साइडने थंड होणाऱ्या मॅग्नॉक्स अणुभट्ट्यांत १९६०च्या दशकाच्या शेवटी साध्या पोलादाचे भाग अपेक्षेपेक्षा जोरात गंजताना दिसले. ऑक्साइडला धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे जोडांमध्ये तो फुगून बोल्टच ताणू लागला. शेवटी वायूचं तापमान उतरवावं लागलं, म्हणजे वीजही कमी.

प्रतिसाद: कापकाम

मिश्रधातू निवडण्याआधी भिंतीची जाडी सांगा. प्रिंटेड सर्किट प्रकारचा (पत्र्यांवर बारीक खाचा कोरून ते एकमेकांवर जोडलेला) एक्स्चेंजर असेल, तर भिंत जेमतेम मिलिमीटरभर असते आणि कार्बनची खोली हाच खरा प्रश्न होतो. जाड पाइपला तेवढाच कार्बन फारसा बोचणार नाही. वजनवाढीवर विसंबू नका, तीत ऑक्सिजन आणि कार्बन दोन्ही मिसळलेले असतात. कापाला विलेला एचिंग (त्या नावाच्या आम्लद्रावणाने पृष्ठभाग कोरणं) द्या, कार्बाइडचा पट्टा गडद दिसेल. ईडीएसने (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या क्ष-किरण मोजणीने) कार्बनचे आकडे काढायच्या भानगडीत पडू नका, नमुना बसवायच्या रेझिनचा आणि पॉलिशिंगचा कार्बनच मोजाल. ग्लो डिस्चार्जने (पृष्ठभाग थराथराने झिजवत घटक मोजणाऱ्या पद्धतीने) कार्बनचा खोलीनुसार आलेख घ्या.

३१६ हा सरसकट उपाय नाही. तापमान चढलं की त्याच्यावरही लोहाच्या ऑक्साइडच्या गाठी येतात. ६२५ किंवा ६१७ हे निकेल मिश्रधातू पातळ क्रोमिया धरून ठेवतात, पण त्यांची गरज पडते ती ७०० अंशांच्या आसपास. सगळा एक्स्चेंजर एकाच धातूचा हवाय असं कोणी सांगितलं? थंड टोकाला स्वस्त पोलाद चालतं.

मूळ धागाकर्ता

भिंत पाऊण मिलिमीटर आहे. म्हणजे पी९१ गरम टोकाला बाद. उद्या एचिंग करून पट्ट्याची खोली इथेच टाकतो. विषम धातूंच्या जोडाचा अनुभव कोणाला असेल, तर जरूर लिहा.