डॅम्परला आपल्याकडे काय म्हणायचं?

गुहागरहून विचारतेय. लेकाने अमेरिकेत घर घेतलंय, भिंतीत फायरप्लेस, शेजारी लोखंडी वुडस्टोव्ह. काल म्हणाला, "आई, डॅम्पर उघडायला विसरलो, घरभर धूर!" हे काय प्रकरण?

— काकू, धुरांड्यातली झडप ती. पेटवण्याआधी उघडायची. धूर वर जातो ती नळी म्हणजे फ्लू. आपल्याकडे झडप कसली, कौलांच्या फटी!

— वुडस्टोव्हला दार असतं, हवा बेताची, म्हणून लाकूड कमी लागतं. आमची चूल आपली उघडी. पण वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, आमटी काय मुरते! फक्त नारळाची ओली सोडणं घालू नका, धुराने डोळे चुरचुरतात. लेकाला सांगा, लाकूड सुकंच हवं. ओल्याने फ्लूत काजळी धरते, तीच पेटते.

— सांगते. इथे फुंकणी फुंकायचा कंटाळा, तिथे हौस!