सीमा, हद्द की सरहद्द? निमित्त ‘ब्रून/ब्रोएन’

प्रश्न : स्कँडिनेव्हियन गुन्हेमालिकांवर लेख लिहिते आहे. ‘बॉर्डरलँड’ला ‘सीमाभाग’ चालेल का? आणि नुसत्या ‘बॉर्डर’ला काय म्हणू?

उत्तर : ‘सीमाभाग’ टाळाच. मराठी वाचक थेट बेळगाव-निपाणीला पोचतो. ‘सीमेलगतचा मुलूख’ म्हणा.
‘ब्रून/ब्रोएन’ या स्वीडिश-डॅनिश गुन्हेमालिकेसाठी मात्र ‘हद्द’. २०११च्या पहिल्या भागात स्वीडन आणि डेन्मार्कला जोडणाऱ्या ओरेसुंद पुलावर, बरोबर सीमारेषेवर मृतदेह सापडतो. हलवायला जावं तर दोन तुकडे : वरचा स्वीडिश राजकारणी बाईचा, खालचा डॅनिश वेश्येचा. रेषा ही सीमा. तपास स्वीडनच्या माल्मोने करायचा की डेन्मार्कच्या कोपनहेगनने, हा हद्दीचा प्रश्न. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य आपल्या पोलीस ठाण्यांतही नवं नाही.
‘सरहद्द’ म्हटलं की कुंपण आणि पहारा दिसतो. या पुलावरून लोक रोज रेल्वेने कामाला जातात. (जानेवारी २०१६पासून स्वीडनकडे जाणाऱ्यांची ओळखपत्रं तपासू लागले, तेव्हा थोडी शोभली असती.) याच कथेचा २०१३चा अमेरिकी अवतार अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं हुआरेझ यांच्यामध्ये घडतो, तिथे खुशाल ‘सरहद्द’ लिहा.

दुसरं उत्तर : नॉर्वेच्या ‘ग्रेन्सेलान’ (२०१७) या मालिकेचं काय करणार? शब्दशः सीमाप्रदेश, पण नायक पोलीस असून भावाला पाठीशी घालतो, म्हणजे तोही कशाच्या तरी कडेवर. ‘सीमा’त हा अर्थ उतरत नाही. ‘काठावर’ सुचवेन, ‘काठावर पास’मधला.
गंमत म्हणजे ‘ग्रेन्से’ मुळात स्लाव्हिक ‘ग्रानित्सा’, जर्मनमार्गे उत्तरेला गेलेला. आपली ‘हद्द’ अरबी. घरचे शब्द ‘शीव’ आणि ‘वेस’, पण ते गावापुरतेच.

तिसरं उत्तर : ‘ब्रून/ब्रोएन’ हे शीर्षक स्वीडिश आणि डॅनिश अशा दोन भाषांत का, तेही लेखात येऊ द्या. दोन्हींचा अर्थ ‘तो पूल’च, फक्त ‘तो’ दाखवणारा प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतो. पात्रं आपापली भाषा बोलतात आणि समोरच्याला बहुतेक कळते. संवाद मराठीत आणताना डॅनिशला मालवणी किंवा वऱ्हाडी करू नका, ती स्वीडिशची बोली नव्हे. फरक दाखवायचाच तर आकडे घ्या. स्वीडिशमध्ये पन्नास म्हणजे सरळ ‘पाच दहा’. डॅनिश ‘हाल्वत्रेस’ म्हणजे अडीच विसा (अडीच वेळा वीस)! नव्वद म्हणजे साडेचार विसा. तीन विसा, चार विसा मोजणाऱ्या आजीला हे स्वीडिश माणसाच्या आधी कळेल.