शेअर माउंट करणारी जुनी स्क्रिप्ट सांभाळायला घेतलीय, 'होस्ट इज डाऊन' आणि लटकणारं एलएस, कुठून हात घालू?

सांजवारा:
नमस्कार मंडळी. नेटवर्कवरचे शेअर जोडून देणारी एक छोटी ओपन सोर्स स्क्रिप्ट मी बरीच वर्षं वापरतोय. साधी बॅश आहे, सहाशेच्या आसपास ओळी, कॉन्फिग फाइलमध्ये शेअरची यादी द्यायची आणि लॉगिन झालं की ती सांबावाले (विंडोजच्या पद्धतीचे) शेअर सीआयएफएसने आणि बाकीचे एसएसएचएफएसने (एसएसएचवरून) माउंट करते, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडते. मूळ लेखकाला आता वेळ होत नाही, माझे दोन पॅच त्याने घेतले होते म्हणून कमिटचे हक्क मला देऊन टाकले. मला हे टूल मनापासून आवडतं, माणसं रोज वापरतात, ते असंच मरू द्यायचं नाहीये, पण इश्यूची यादी बघितली आणि दडपण आलं.

सगळ्यात जास्त तक्रार ही: डिस्ट्रो अपग्रेड केल्यावर 'माउंट एरर ११२, होस्ट इज डाऊन'. सर्व्हर चालू असतो, पिंग जातो, दुसऱ्या मशीनवरून शेअर उघडतो, तरी हेच. एकाने पॅच पाठवलाय की माउंट फसलं तर गुपचूप व्हर्स १.० (एसएमबी१, म्हणजे या शेअरच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) लावून परत प्रयत्न करायचा, आणि खाली वीसेक लोकांनी 'चाललं, लवकर मर्ज करा' लिहिलंय. करू का?

दुसरं, लॅपटॉप झोपून उठला की टर्मिनलमध्ये एलएस मारलं तरी अडकतं, कंट्रोल-सी पण घेत नाही. तिसरं मला अजिबात झेपलेलं नाही: एका वापरणाऱ्याचा एसएसएचएफएसचा शेअर अनमाउंट केला तरी तिथेच दिसतो, तीनदा चारदा केला की मग जातो, आणि त्याच्याच मशीनवर बाकीचे शेअर एका फटक्यात सुटतात. स्क्रिप्ट आधी प्रोक माउंट्समध्ये (कर्नलकडची जोडलेल्या फोल्डरांची यादी) ग्रेप करून, म्हणजे मजकूर शोधून बघते की फोल्डर जोडलेलं आहे का, मग एलएस करून बघते की जिवंत आहे का, आणि काही चुकलं तर फक्त 'शेअर जोडता आला नाही' एवढंच छापते, खरा एरर डेव्ह नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात.

---

तिसरी_पाळी:
आधी ते मर्ज करू नका, प्लीज. मग बाकीचं बोलू.

११२ चा अर्थ मशीन बंद आहे असा घेऊ नका, बऱ्याचदा त्याचा अर्थ इतकाच की दोघांची भाषा जुळली नाही आणि समोरच्याने फोन ठेवून दिला. लिनक्स कर्नलचा सीआयएफएस क्लायंट आधी काही न सांगितल्यास एसएमबी१ ने बोलायचा. २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर एसएमबी१ मधल्याच भोकातून पसरलं, आणि त्याच वर्षी कर्नल ४.१३ मध्ये डीफॉल्ट बदलून ३.० केलं, लगेच पुढे ते २.१ किंवा त्याच्या वरचं जे जमेल ते आपसात ठरवायचं असं झालं. म्हणजे समोर जुना नॅस (नेटवर्कवरची स्टोरेज पेटी) असेल ज्याला फक्त एसएमबी१ येतं, तर नवा कर्नल त्याच्याशी बोलणारच नाही, आणि वापरणाऱ्याला वाटतं अपग्रेडने मोडलं.

गुपचूप १.० वर उतरण्यात खरा धोका हा आहे की मग नेटवर्कवर मधे बसलेल्या कुणाही हल्लेखोराला फक्त पहिला प्रयत्न पाडायचा असतो, बाकी काम तुमची स्क्रिप्टच करते, आणि ज्याचा सर्व्हर नवा आहे त्याच्यावरही हे चालतं, त्याला पत्ताही लागत नाही. शिवाय डिस्ट्रोने कर्नलमध्ये जुन्या डायलेक्टचा (प्रोटोकॉलच्या आवृत्तीचा) भागच बंद करून ठेवला असेल तर १.० देऊनही काही होणार नाही, मग परत दुसरा इश्यू.

त्यापेक्षा कॉन्फिगमध्ये प्रत्येक शेअरला वेगळा आवृत्तीचा पर्याय द्या. ज्याला १.० हवंच आहे त्याने स्वतः लिहावं, फक्त त्या शेअरपुरतं, आणि स्क्रिप्टने दर वेळी एक ओळ इशारा छापावा. ११२ आला तर मेसेज असा द्या: 'सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही किंवा तो फक्त जुनी एसएमबी आवृत्ती बोलतो'. खात्री करायची तर एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या टूलची एसएमबी-प्रोटोकॉल्स स्क्रिप्ट ४४५ पोर्टवर चालवायला सांगा, सर्व्हरला कोणते डायलेक्ट येतात ते लिहूनच देते.

आणि तो डेव्ह नल आजच्या आज काढा. माउंट कमांड एका ओळीचं उत्तर देते, खरं कारण बहुतेक वेळा डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'सीआयएफएस' ने सुरू होणाऱ्या ओळीत असतं. त्या शेवटच्या चारपाच ओळी स्क्रिप्टने दाखवल्या तर तुमचे अर्धे इश्यू लोक स्वतःच बंद करतील.

---

काळाफळा:
वरच्यांशी सहमत. मी पासवर्डचं सांगतो कारण तुम्ही लिहिलं नाही तरी हा इश्यू येणारच.

स्क्रिप्ट पासवर्ड मायनस-ओ मध्ये, म्हणजे कमांडच्या ओळीतच देत असेल तर दोन त्रास. एक, पीएस (चालू प्रोसेसची यादी) मारणाऱ्या कुणालाही तो दिसू शकतो. दोन, पासवर्डमध्ये स्वल्पविराम असला की ऑप्शन तिथेच तुटतो आणि 'एरर १३, परमिशन डिनाइड' येतो, माणूस पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो. क्रेडेन्शियल्स फाइल वापरा, परमिशन ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता येईल. त्यात अवतरण चिन्हं टाकू नका, ती पासवर्डचाच भाग धरली जातात, मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

आणि सीआयएफएस-युटिल्स ६.१५ च्या आधीची असेल तर स्क्रिप्टने स्पष्ट सांगावं की अपडेट करा. २०२२ मध्ये त्यात आयपी ऑप्शन वाचताना बफर ओव्हरफ्लो सापडला होता, त्यातून साध्या युजरला रूट मिळू शकत होतं, कारण माउंट डॉट सीआयएफएस बऱ्याच ठिकाणी सेटयूआयडी असतो, म्हणजे रूटच्या हक्कांनी चालतो. तुमच्या रॅपरमध्ये युजरने दिलेलं जे काही आहे ते न तपासता पुढे ढकलत असाल तर तेही बघून घ्या.

---

खिडकीजवळ:
तुमचं तिसरं कोडं बघून राहवलं नाही. त्या माणसाच्या फोल्डरच्या नावात स्पेस आहे का?

कारण प्रोक माउंट्समध्ये स्पेस ही स्पेस म्हणून येत नाही, बॅकस्लॅश ०४० अशी लिहिलेली असते. म्हणजे फोल्डरचं नाव 'जुने फोटो' असेल तर तुमचं ग्रेप 'जुने फोटो' शोधतंय आणि फाइलमध्ये आहे 'जुने\०४०फोटो', ते कधीच जुळणार नाही, स्क्रिप्टला कायम वाटणार की जोडलेलं नाही आणि ती परत जोडणार. सीआयएफएसला तोच शेअर त्याच ऑप्शननी त्याच जागी परत जोडायला गेलात तर सहसा एरर १६, बिझी येतो, म्हणून तिथे कुणाच्या लक्षात आलं नसेल (आणि आलं असतं तरी तुम्ही एरर गिळताय). पण एसएसएचएफएसला दर वेळी नवीन फाइलसिस्टिम तयार होते, आणि फ्यूज ३ (एसएसएचएफएस ज्यावर चालतं ते) पासून भरलेल्या फोल्डरवरही बिनतक्रार माउंट होतं, आधी त्यासाठी वेगळा ऑप्शन द्यावा लागायचा. म्हणून एकावर एक थर चढतात. अनमाउंट फक्त वरचा थर काढतो, खाली तोच शेअर पुन्हा दिसतो. जितक्या वेळा लॉगिन, तितके थर.

ग्रेप टाका आणि फाइंडमाउंट वापरा, ते ०४० वगैरे स्वतः उलगडतं. त्याचा दुसरा फायदा तुमच्या लटकण्याला होईल. फाइंडमाउंट कर्नलकडचा तक्ता वाचतं, सर्व्हरला हात लावत नाही. तुमचं एलएस मात्र थेट सर्व्हरला विचारायला जातं आणि लॅपटॉप नुकताच उठला असेल, वायफाय अजून जोडलेलं नसेल, तर ते कर्नलमध्ये जाऊन बसतं. म्हणजे शेअर लटकलाय का हे बघायला गेलेली तपासणीच लटकते आणि अख्खं लॉगिन अडवते. ४४५ (सांबा) किंवा २२ (एसएसएच) पोर्ट दोन सेकंदात उघडतो का एवढं बघा, नाही उघडला तर त्या फोल्डरला शिवू नका.

एफएसटॅबवाल्यांसाठी (जे शेअर बूटच्या माउंट यादीत लिहितात) नोफेल, अंडरस्कोर नेटडेव्ह आणि एक्स-सिस्टिमडी डॉट ऑटोमाउंट हे तीन रीडमीमध्ये लिहा. पहिल्याने बूट अडत नाही, ऑटोमाउंटने शेअर गरज पडली तेव्हाच जोडला जातो. आयडल टाइमआउट दिला की वापर नसताना सुटतो पण, झोपायच्या वेळी तो जोडलेलाच नसेल तर उठल्यावर अडकायचा प्रश्नच कमी होतो. लोक उपाय म्हणून अनमाउंट मायनस-एल सांगतात, तो स्क्रिप्टमध्ये डीफॉल्ट ठेवू नका, फोल्डर नजरेआड होतं पण आत अडकलेली प्रोसेस तशीच राहते आणि न लिहिलेला डेटा कुठे गेला ते कुणालाच कळत नाही.

---

पाऊलखूण:
एसएसएचएफएसचं अजून एक, कारण हे मी तीन वेगवेगळ्या लोकांना समजावलंय. 'कनेक्शन रिसेट बाय पीअर' येतं, पण एसएसएचने लॉगिन नीट होतं. मग नुसतं एसएफटीपी लावून बघा, एसएसएचएफएस आतून तेच वापरतं. तिथे 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५' असं काहीतरी दिसलं तर तो आकडा म्हणजे खरी लांबी नाहीच. एसएफटीपी पहिले चार बाइट लांबी म्हणून वाचतं, आणि १४६६२६४६७५ चे चार बाइट सुटे केले तर डब्ल्यू, ई, एल, सी निघतात. म्हणजे सर्व्हरवरच्या बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणारी फाइल) कुणीतरी 'वेलकम' छापणारा एको टाकलाय. तो फक्त इंटरॅक्टिव्ह शेलमध्ये चालेल असं केलं की झालं. आकड्याचे बाइट उलगडून दाखवणारी दोन ओळींची मदत तुमच्या स्क्रिप्टमध्ये घातलीत तर लोक दुवा देतील.

सोबत रीकनेक्ट आणि सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल १५ हे डीफॉल्ट द्या, नाहीतर तुटलेलं कनेक्शन लवकर कळतच नाही.

आणि एकटे राहू नका. एसएसएचएफएससारखं जगभर वापरलं जाणारं टूल, त्याचीही रिपॉझिटरी २०२२ मध्ये सांभाळणारं कुणी नाही म्हणून आर्काइव्ह झाली होती. आत्तापासून दुसऱ्या कुणालातरी कमिटचे हक्क द्या.

---

सांजवारा:
खिडकीजवळ, काय बोलू. त्या माणसाला विचारलं, फोल्डरचं नाव 'ऑफिस बॅकअप', मधे स्पेस. फाइंडमाउंटचं आउटपुट मागवलं तर तोच शेअर अकरा वेळा, एकाखाली एक. ग्रेप काढून टाकलं, आता दहादा स्क्रिप्ट चालवली तरी माउंट एकच राहतो, आणि स्पेसवालं फोल्डर कायमचं टेस्टमध्ये घातलंय.

एलएसच्या जागी पोर्टची तपासणी टाकली, लॅपटॉप चार वेळा झोपवून उठवला, लॉगिन अडलं नाही. आधीच उघडं असलेलं फाइल मॅनेजर मात्र अजून थोडा वेळ थांबतं, तो भाग राहिलाय.

११२ साठी कंटेनरमध्ये सांबा उभा केला, सर्व्हर मॅक्स प्रोटोकॉल एनटी१ (म्हणजे एसएमबी१) वर बांधला आणि पहिल्याच फटक्यात हवा तो एरर मिळाला, महिनाभर जो अंदाजाने शोधत होतो तो समोर. गुपचूप १.० वर उतरणारा पॅच घेतला नाही. ज्याने पाठवला त्याला सविस्तर कारण लिहिलं, रागावेल असं वाटलं होतं, पण त्यानेच प्रत्येक शेअरचा आवृत्ती पर्याय लिहून पाठवला, इशाऱ्याच्या ओळीसकट. काल मर्ज केला आणि कमिटचे हक्क घेणार का म्हणून त्यालाच विचारलंय.

क्रेडेन्शियल्सचं काम बाकी आहे, जुन्या कॉन्फिगमधले पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये हलवताना कुणाचं काही मोडू नये म्हणून हळू चाललोय. काळाफळा, तुम्हाला वेळ असेल तर त्या ब्रँचवर एकदा नजर टाकाल का?

---

काळाफळा:
टाकतो की. हलवताना आधी नवी फाइल ६०० ने तयार करा आणि मग त्यात लिहा, लिहून मग परमिशन बदलाल तर मधल्या क्षणात ती उघडी असते. बाकी ब्रँचवरच लिहितो.