शनिवारी गच्चीवर ‘रेडी ऑर नॉट’: कोणाची हरकत?

सेक्रेटरी (ए-101): शनिवारी प्रोजेक्टर मिळतोय. महिला मंडळाने ‘रेडी ऑर नॉट’ (2019) हा इंग्रजी सिनेमा सुचवलाय. हरकत असेल त्यांनी आजच सांगावं.

कुलकर्णीकाकू (बी-302): भुताचा ना? नको गं बाई.

मृण्मयी (सी-504): काकू, त्यात भुताची भीती नाहीच. सासरची आहे 😄

कुलकर्णीकाकू: मग त्यात नवीन काय?

मृण्मयी: ऐका तर. ग्रेस नावाची मुलगी, परक्यांच्या घरी वाढलेली, आपलं म्हणावं असं कोणी नाही. ल डोमास घराण्यात लग्न होतं. ही माणसं पटावरचे, पत्त्यांचे खेळ विकून गबर झालेली. लग्नाच्या रात्री बारा वाजता घरात नव्याने आलेल्याने पेटीतून एक पत्ता काढायचा आणि त्यावरचा खेळ खेळायचा. हिला निघते लपाछपी. ती हसत हसत लपायला जाते, आणि इकडे सासरची मंडळी भिंतीवरची जुनी हत्यारं वाटून घेतात! पहाटेच्या आत सुनेचा बळी दिला नाही तर अख्खं घराणं संपणार, असा करार पणजोबा करून गेलेत.

देशपांडेकाका (ए-403): आपल्याकडे ताम्हणातल्या पाण्यात अंगठी शोधायला लावतात, तेवढ्यावर भागतं.

मृण्मयी: 😂 आणि काका, मारणारे इतके ढ आहेत की नणंदेचा नवरा बाथरूममध्ये बसून मोबाइलवर ‘धनुष्य कसं चालवायचं’ याचा व्हिडिओ बघतो. सगळ्यांत कडवी कोण, तर आतेसासू. तिचा स्वतःचा नवरा तीस वर्षांपूर्वी याच खेळात मारलाय, तरी कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे हीच!

कुलकर्णीकाकू: अशा असतात हो. आपलं झालं ते झालं, आता तुझंही होऊ दे.

शुभदा (डी-203): मी पाहिलाय. ग्रेस आवडली. झगा टराटरा फाडते, टाचांचे बूट फेकून कॅनव्हासचे चढवते आणि पळत सुटते. ती काही कराटे शिकलेली नाही. सुरुवातीला ‘यांना मी आवडेन ना’ म्हणून जीव टाकत असते. ते खूळ डोक्यातून गेलं की मग तिला कोणी आवरू शकत नाही. पण तीन मोलकरणी फुकट मरतात आणि लोक हसतात, ते मला नाही पटलं.

मृण्मयी: ताई, हसायचं ते मालकांवर. बाई मेली तरी त्यांचा खेळ थांबत नाही, टोमणा तोच आहे ना.

शुभदा: कळतं गं. पण मग दिग्दर्शकांनी तरी त्या बायकांसाठी दोन मिनिटं थांबायचं होतं. दोघे दोघे आहेत, एकालाही सुचलं नाही.

(यावर कोणीच काही लिहिलं नाही. मग अर्ध्या तासाने अंगठे आले.)

प्रधानकाका (सी-102): आमची धाकटी टोरांटोला असते. याचं काही शूटिंग तिथल्या कासा लोमात झालंय, आम्ही आत फिरून आलो. हेन्री पेलट नावाच्या धनाढ्याने बांधलेला वाडा. 98 खोल्या! पैसा बुडाला, दहा वर्षंही राहता आलं नाही बिचाऱ्याला.

शुभदा: बिचारा?? 98 खोल्या काका!

देशपांडेकाका: मला आवडला तो गाडीचा प्रसंग. पोरगी रक्तबंबाळ, कशीबशी गाडी घेऊन निघते, मदतीचं बटण दाबते, तर पलीकडचा गोड आवाजात सांगतो, गाडी चोरीची नोंदवली आहे. आणि लांबूनच गाडी बंद! कस्टमर केअर सगळीकडे सारखंच.

सेक्रेटरी: ठरलं तर. शनिवारी रात्री साडेनऊ. रक्त फार आहे, 18 वर्षांखालच्यांना गच्चीवर सोडणार नाही. पालकांनी वाद घालू नये.

कुलकर्णीकाकू: शेवटी मरते का हो ती?

मृण्मयी: कोणीही सांगायचं नाही!!

देशपांडेकाका: छे, ती कसली मरते. सूर्य उगवतो आणि सासरचा एकेक जण फटाक्यासारखा फुटतो.

मृण्मयी: काका!!!! 😡

सेक्रेटरी: देशपांडे, मेसेज डिलीट करा.

कुलकर्णीकाकू: वाचला मी. येतेय. माझी खुर्ची पुढे ठेवा.