मदत हवी आहे: अंगोराचा बोकड निवडायचाय, लोकरीचं वजन बघू की धाग्याचा बारीकपणा?

नमस्कार मंडळी, आम्ही टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या बाजूला राहतो, तीन वर्षांपासून १८ अंगोरा शेळ्या पाळल्यात, मोहेरसाठी, म्हणजे त्यांच्या लोकरीसाठी. आता पैदाशीला दोन बोकडांपैकी एकच ठेवायचाय आणि डोकं चालेना.

दोघंही दोन वर्षांचे. एकाने या कातरणीला ४ किलो लोकर दिली पण धाग्याची जाडी ३६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), शिवाय मांडीवर ते पोकळ खडबडीत केस दिसतात, केम्प म्हणतात ना ते, ज्याला रंग नीट चढतच नाही. दुसऱ्याची जेमतेम पावणेतीन किलो पण २९ मायक्रॉन, हाताला काय मऊ लागते! आणि त्याचं तोंडही मोकळं आहे, डोळ्यांवर केस येत नाहीत. पहिल्याला बिचाऱ्याला समोरचं धड दिसत नाही, सारखे कापावे लागतात.

माझं मन दुसऱ्याकडे आहे. वजन वाढवत गेलं की धागा जाड होतो हे माहितीये, आणि वयानेही जाड होतोच, करडांची लोकरच सगळ्यात बारीक. पण आमचे हे म्हणतात वर्षातून दोनदाच कातरणी, किलो कमी पडले तर चारापाण्याचा खर्च कुठून काढायचा.

कुणी दोन्ही गुण धरून निवड केलीये का? लोकरीचा नमुना फक्त बरगडीवरून घेतला तर चालतो की मांडीचाही वेगळा तपासायचा? आणि केम्प पुढच्या पिढीत कितपत उतरतो? अनुभव असेल तर प्लीज सांगा, पुढच्या महिन्यात शेळ्यांत बोकड सोडायचाय.